आडवं जाणाऱ्यांचा हिशेब

ऑक्टोबर 2024 च्या मध्यावर मुंबई-नवी मुंबईच्या वाहनचालकांच्या पदरात एकदम दोन गोष्टी पडल्या. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाची पुण्याकडे जाणारी बाजू खुली झाली, आणि 14 तारखेच्या मध्यरात्रीपासून वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे फिती कापायला हातांची कमतरता नव्हती. जून 2025 मध्ये पुलाची मुंबईकडे येणारी बाजूही सुरू झाली. आधीच्या पुलाच्या सहा मार्गिका आणि या नव्या सहा, अशा बारा मार्गिका आता वाशीची खाडी ओलांडतात. टोलनाक्यावर तासभर अडकून पडण्याची ज्यांना सवय झाली होती, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो खराच होता.

पूल उतरून गाड्या जिथे वेग घेतात, तिथून हाकेच्या अंतरावर वाशीगाव आहे. आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. नवी मुंबई कागदावरही नव्हती तेव्हापासून इथली माणसं खाडीवर जगत आली. या गावाला बारा मार्गिकांचा काय उपयोग, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं नाही. गावातल्या पोरांकडे मोटारसायकली आहेत, रिक्षा आहेत, टेम्पो आहेत. तेही पुलावरून जातात. पण गावाचं रोजचं जगणं रस्त्याच्या दिशेनं जात नाही, ते रस्त्याला छेदून जातं. बाजार, शाळा, स्टेशन, स्मशान, होडी लावायची जागा, यांतलं काही ना काही कायम पलीकडे असतं.

प्रत्येक मोठ्या रस्त्याचे वापरणारे दोन असतात: त्याच्यावरून लांबवर जाणारे आणि त्याला ओलांडून पलीकडे जाणारे. पहिल्यांची मोजदाद होते. दिवसाला किती वाहनं, त्यांत ट्रक किती, ताशी वेग किती, पुढच्या वीस वर्षांत वाढ किती, याचे तक्ते निविदेच्या आधी तयार असतात. दुसऱ्यांमध्ये पायी जाणारी माणसं आहेत, तसं डोंगरावरून खाडीकडे धावणारं पावसाचं पाणी आहे, भरती-ओहोटी आहे, मासे आहेत. नवी मुंबईत गेल्या पन्नास वर्षांत रस्ता जितक्या वेळा रुंद झाला, तितक्या वेळा या दुसऱ्यांचा हिशेब शेवटच्या पानावर गेला. बहुतेक वेळा तो लिहिलाच गेला नाही.

रस्ता आधी, शहर नंतर

ही गोष्ट 1973 पासून सुरू होते. त्या वर्षी ठाणे खाडीवरचा पहिला पूल वाहतुकीला खुला झाला. तोवर वाशीहून मुंबईला जायचं म्हणजे होडीनं खाडी पार करायची, नाहीतर ठाण्याला वळसा घालायचा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मुंबईसमोरच्या मुख्य भूमीवर नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. ते वसवण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली, आणि पूल झाल्यावर वाशी हा पहिला नोड उभा राहिला. रेल्वे आली ती 1992 मध्ये. म्हणजे जवळपास वीस वर्षं या शहराची नाळ सायन-पनवेल या एका रस्त्यानं आणि एका पुलानं मुंबईला जोडलेली होती.

तो पूल खाऱ्या हवेपुढे लवकर थकला. 1997 मध्ये शेजारी सहा मार्गिकांचा दुसरा पूल आला. दरम्यान मुंबईचे घाऊक बाजार तुर्भ्यात हलले होते: कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी आणि फळं. राज्यभरातून येणारे ट्रक याच रस्त्याला लागले. मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला आणि त्याच्या कळंबोलीच्या तोंडाशी येणारी सगळी गर्दी सायन-पनवेल रस्त्यावर ओतली गेली. शहराचा अंतर्गत रस्ता आता आंतरशहरी महामार्ग झाला होता.

त्यावर उपाय म्हणून 2011-12 मध्ये या रस्त्याच्या दहापदरीकरणाचं काम सुरू झालं. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या तत्त्वावर, सुमारे 23 किलोमीटर, सुमारे 1,220 कोटी रुपये. रस्ता राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा, काम खासगी कंपनीचं, आजूबाजूची जमीन सिडकोची, आणि त्या जमिनीवर राहणारी माणसं नवी मुंबई महापालिकेच्या व पुढे पनवेलच्या हद्दीतली. चार मालकांच्या मधोमध गेलेल्या या रस्त्यावर पुढे जे जे अडलं, ते बहुतेक या वाटणीत अडलं.

नकाशा पाहिला की दिसतं, तुर्भ्यानंतर हा रस्ता दक्षिणेकडे वळतो आणि शहराला उभा चिरत जातो. पूर्वेला एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा, त्याच्या कडेनं वाढलेल्या कामगारांच्या वस्त्या आणि पलीकडे पारसिकचा डोंगर. पश्चिमेला सानपाडा, जुईनगर, नेरूळ, शिरवणे, त्यांची रेल्वेस्थानकं आणि मग खाडी. माणूस पश्चिमेला गाडीतून उतरतो, काम पूर्वेला असतं. पाणी पूर्वेला पडतं, जायचं पश्चिमेला असतं. दोघांच्याही वाटेत दहा मार्गिका आडव्या आल्या.

तीस सेकंदांचा रस्ता

जरा हिशेब करू. एक मार्गिका साडेतीन मीटरची धरली तर दहा मार्गिका म्हणजे पस्तीस मीटर. दुभाजक, कडेच्या पट्ट्या आणि सर्व्हिस रोड वेगळे. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो. म्हणजे नुसत्या मार्गिका ओलांडायला त्याला जवळपास अर्धा मिनिट लागतं. ताशी ऐंशीच्या वेगानं येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेसहाशे मीटर येते. रस्त्याच्या कडेला उभा असताना जी गाडी दिसतही नाही, ती आपण मध्यावर असताना अंगावर असते. म्हातारा माणूस, पोर कडेवर घेतलेली बाई, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण यांना अर्धा मिनिट पुरत नाही. रस्ता चौपदरी होता तेव्हा हाच हिशेब अकरा-बारा सेकंदांचा होता, आणि गाड्याही इतक्या सुसाट नव्हत्या.

रुंदीकरणाच्या आराखड्यात यावर उत्तर होतं: भुयारी मार्ग. हे उत्तर अर्धं बरोबर होतं. महामार्गावरून जाणाऱ्या पादचारी पुलाखाली उंच ट्रकना साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. त्यात पुलाची जाडी मिळवली की माणसाला सहा-साडेसहा मीटर चढावं लागतं, म्हणजे चाळीस-बेचाळीस पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. जमिनीखालून जायचं तर माणसाच्या उंचीपुरतंच खोल जावं लागतं, पायऱ्या जवळपास निम्म्या होतात. गुडघे दुखणाऱ्याला भुयार परवडतं.

पण नवी मुंबईत जमिनीखाली जाणं म्हणजे पाण्यात जाणं. या शहराचा मोठा भाग खाजण आणि मिठागरांच्या जमिनीवर भराव घालून उभा राहिला. अनेक ठिकाणी जमिनीची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सिडकोच्या अभियंत्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. ओहोटीला पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती चढू लागली की झडपा बंद, आणि तेवढा वेळ पडणारं पाणी तलावात साठवायचं. व्यवस्था हुशार आहे, पण तिची सगळी मदार तलाव रिकामे असण्यावर आहे. अनेक तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन वाढलं, आणि कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. अशा शहरात रस्त्याच्या पोटातून तीन-चार मीटर खोल भुयार काढलं तर त्यात पाणी साचणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पंप लागतो, पंपाला वीज लागते, विजेचं बिल भरणारा कुणीतरी लागतो, आणि पंप बंद पडला तर रात्री अकरा वाजता येणारा माणूस लागतो.

नेरूळपासून कामोठ्यापर्यंत या भुयारांची वर्षानुवर्षं जी गत झाली ती नवी मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. काही अर्धवट राहिली, काही पूर्ण होऊन बंद राहिली, काहींत पाणी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. अशा भुयाराच्या तोंडाशी उभं राहिलं की पहिल्या सहा-सात पायऱ्या कोरड्या दिसतात, त्यावर गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या. मग एक पायरी हिरवी, शेवाळलेली. पुढची पाण्याखाली. भिंतीवर पाणी किती चढलं होतं त्याच्या रेघा एकावर एक, दर पावसाळ्याची एक. आत दिव्याची जागा आहे, दिवा नाही. संध्याकाळी सात वाजता कारखान्यातून सुटलेली मुलगी या अंधारात उतरेल, असं आराखडा करणाऱ्याला वाटलं असेल तर त्यानं स्वतः तिथे कधी पाऊल ठेवलं नसावं. ती वीस पावलं पुढे जाते, जिथे कुणीतरी दुभाजकाच्या जाळीचा एक गज वाकवून ठेवलेला असतो. त्या गजाच्या दोन्ही बाजूंचा रंग अंगं घासून गेलेला असतो आणि खालच्या गवतात पायवाट पडलेली असते. शहरातली सगळ्यात जास्त वापरातली पण कुठल्याच नकाशावर नसलेली ही वाट आहे. अपघात झाला की वर्तमानपत्रात ‘बेशिस्त पादचारी’ छापून येतं.

वरच्या दिव्यांचीही तीच कथा. दहापदरी रस्त्याचे खांब उभे राहिले, पण बराच काळ बरेचसे दिवे पेटलेच नाहीत. देखभाल कंपनीची, खात्याची की महापालिकेची, हा घोळ चालू राहिला. मग खड्डे आले. 2018 च्या जुलैमध्ये खड्ड्यांवरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी तुर्भ्यातलं बांधकाम खात्याचं कार्यालय फोडलं. त्यानंतर खराब टप्प्यांचं काँक्रिटीकरण झालं. खड्डे गाडीला लागतात, म्हणून खड्ड्यांवर आंदोलन होतं, बातमी होते, निधी येतो. भुयारातल्या पाण्यावरून कुणी कार्यालय फोडल्याचं ऐकिवात नाही. फोडावं असं नाही, पण फरक लक्षात यावा.

टोल आणि त्याचं राजकारण

या रस्त्यावर शेजारच्या वस्तीनं एक लढाई जिंकली. ती कुठली, हे पाहण्यासारखं आहे.

रुंदीकरणाचा खर्च वसूल करायला खारघर-कामोठ्याजवळ टोलनाका ठरला. जागा अशी की खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल या सलग वस्तीच्या मधोमध. कामोठ्यातल्या माणसानं पोराला खारघरच्या शाळेत सोडायचं तर टोल, बेलापूरला कामावर जायचं तर टोल. लांबचा प्रवास करणाऱ्यासाठी काढलेल्या रस्त्याचे पैसे शेजाऱ्यानं रोज भरायचे. नाका सुरू होण्याआधीच असंतोष पेटला. पनवेलचे तेव्हाचे काँग्रेस आमदार प्रशांत ठाकूर यांनी टोलच्या प्रश्नावर पक्ष सोडला आणि 2014 ची विधानसभा भाजपकडून जिंकली. सत्ता बदलली तरी जानेवारी 2015 मध्ये टोल सुरू झाला. आसपासच्या गावांतल्या वाहनांना सूट देण्याची तडजोड झाली, आणि अखेर 1 जून 2015 पासून राज्यातल्या इतर अनेक नाक्यांबरोबर इथेही हलकी वाहनं आणि एसटी टोलमुक्त झाली.

हा विजय खोटा नव्हता. शेजाऱ्यानं का भरायचं, हा प्रश्न रास्त होता आणि तो लोकांनी धसास लावला. पण तो धसास लागला कारण तो गाडीवाल्यांचा होता. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे सोसायटी आहे, सोसायट्यांचं फेडरेशन आहे, नगरसेवकाचा नंबर आहे. पायी रस्ता ओलांडणारा दर दिवशी अर्धा मिनिट जिवावर उदार होऊन जो टोल भरतो, त्याची पावती फाटत नाही. म्हणून तो माफही होत नाही.

खिडक्यांचा प्रश्न

रस्त्याच्या अगदी लगत राहणाऱ्या मध्यमवर्गीयालाही रुंदीकरणाचं काहीतरी मोजावं लागतं, पण ते हळूहळू. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. वाहनांची संख्या दुप्पट झाली तर आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. म्हणून कागदावर रुंदीकरणानं आवाज फारसा वाढलेला दिसत नाही. फरक पडतो वेगानं आणि वेळेनं. मोकळ्या रस्त्यावर टायरचा घरघराट इंजिनाच्या आवाजावर मात करतो. गर्दीच्या वेळी मुंबईत जड वाहनांना बंदी असल्यामुळे ट्रक रात्री सुटतात, आणि रिकाम्या दहापदरी रस्त्यावर ते थांबत नाहीत. सानपाडा-नेरूळच्या रस्त्याकडच्या इमारतींत हॉलच्या खिडक्यांना आधी जाड काचा लागतात, मग एसी येतो, मग खिडकी उघडायची सवयच जाते. बाल्कनीतल्या तुळशीच्या पानांवर काळी धूळ बसते, आणि ती रोज पुसणारी गृहिणी हवेच्या दर्जाचा कुठलाही आकडा न पाहता हवेबद्दल अचूक सांगू शकते.

जुन्या गावठाणांत खिडकी बंद करून भागत नाही. घरं एकमेकांना चिकटून आहेत, गल्ल्या अरुंद, आणि वाढत्या कुटुंबांनी गावठाणाच्या हद्दीबाहेर गरजेपोटी बांधलेली घरं अजूनही कायद्याच्या वादात. त्यामुळे रस्त्याच्या कडेची पट्टी मोजायला कुणी टेप घेऊन आलं की गावाच्या पोटात गोळा येतो. घर स्वतःचं आहे, पण ते कागदावर किती स्वतःचं आहे, याची खात्री नसते.

पाण्याचा सातबारा

आता परत खाडीकडे जाऊ. आडवं जाणाऱ्यांचा हिशेब पहिल्यांदा कुठे लिहिला गेला असेल तर तो तिथे.

खाडीतली मासेमारी समुद्रातल्यासारखी पाठलागाची नसते. ती बरीचशी पाण्याच्या चालीवर चालते. डोलीचं जाळं नरसाळ्यासारखं निमुळतं. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून ते खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि कोळंबी, बोय, लहान मासळी शेपटीकडच्या बारीक जाळीत अडकते. पाणी उभं राहिलं, म्हणजे भरती संपून ओहोटी लागायच्या आधीची ती थोडी स्तब्ध वेळ आली, की जाळं उचलायचं. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात, भांगाच्या दिवसांत मंद. खुंट कुठे रोवायचा हे बापानं मुलाला दाखवलेलं असतं, कारण प्रवाहाची धार तिथेच असते. उथळ पाण्यात पाग टाकणारे वेगळे, चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरणारे वेगळे, कालवं फोडणाऱ्या बायका वेगळ्या.

अशा पाण्यात पुलाचे खांब आले की काय होतं? दोन खांबांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरानं जातं, खांबाच्या बुडाशी तळ खरवडला जातो आणि मागच्या निवांत पाण्यात गाळ बसतो. बांधकामाच्या काळात तर तात्पुरते भराव, तराफे, यंत्रांचे धक्के. धार सरकली की बापानं दाखवलेली जागा निकामी. आणि इथे एक पूल नाही. रस्त्याचे पूल आहेत, रेल्वेचा आहे, सगळे जवळजवळ. शिवाय वरून एमआयडीसीचं सांडपाणी अनेक दशकं याच खाडीत आलं. तिसऱ्या पुलानं खाडी बिघडवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. आधीच अशक्त झालेल्या धंद्यावर तो आणखी एक घाव होता.

वाशीगावच्या मरीआई मच्छीमार सहकारी संस्थेनं हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. ऑगस्ट 2021 मध्ये निकाल लागला. पूल सार्वजनिक हिताचा आहे हे न्यायालयानं मान्य केलं, पण त्यासाठी मच्छीमारांची उपजीविका फुकटात घेता येणार नाही, असं ठरवलं. परंपरेनं खाडीत मासेमारी करणाऱ्यांचा तो हक्क आहे, उपजीविका हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, आणि ती बाधित होत असेल तर भरपाई द्यावी लागेल. भरपाई ठरवण्यासाठी समिती नेमण्याचा आणि राज्यानं अशा सगळ्याच प्रकल्पांसाठी धोरण आखण्याचा मार्ग या निकालानं मोकळा केला. 2023 मध्ये सरकारनं प्रकल्पबाधित मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण काढलं.

या निकालाचं मोल समजायला नवी मुंबईचा आधीचा इतिहास आठवावा लागतो. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनावरून चाललेल्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या संघर्षातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, आणि संपादित जमिनीच्या मालकाला विकासात वाटा असतो हे तत्त्व देशात पोहोचलं. पण ते तत्त्व सातबाऱ्यावर उभं होतं. ज्याची जमीन गेली त्याला टक्के मिळाले. ज्याची जमीनच नव्हती, जो मिठागरात राबत होता किंवा खाडीत जाळं टाकत होता, त्याचं काय गेलं हे दाखवायला उतारा नव्हता. पाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो.

2013 च्या भूसंपादन कायद्यात प्रकल्पबाधित कुटुंबाच्या व्याख्येत मच्छीमार आणि नावाडी यांचा उल्लेख आला, ही मोठी सुधारणा होती. पण त्या कायद्याचं दार संपादनानं उघडतं. सरकारच्याच पाण्यात सरकारनंच खांब रोवले, किंवा सरकारच्याच ताब्यातल्या पट्ट्यात रस्ता रुंद केला, तर कुणाचीही जमीन घेतली जात नाही; म्हणून सामाजिक परिणामांचा अभ्यास नाही, गावाशी चर्चा नाही. सपाट प्रदेशातल्या राज्य मार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी आणि तिच्यासोबतची जनसुनावणीही सहसा लागत नाही. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण आहे, कांदळवनासाठी 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायालयाचीच परवानगी लागते, आणि वरच्या अंगाला रोहितांसाठी 2015 पासून ठाणे खाडी अभयारण्य आहे; 2022 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. झाडांना, पक्ष्यांना आपापलं दार आहे, ते असायलाच हवं. शेजारी राहणाऱ्या माणसाला मात्र न्यायालयाची पायरी चढेपर्यंत दार सापडत नाही. वाशीगावच्या संस्थेकडे चिकाटी होती म्हणून ते सापडलं. नेरूळच्या भुयाराशी उभ्या असलेल्या मुलीची सहकारी संस्था नाही.

रुंद केल्यानं गर्दी हटते का?

एवढं सगळं सोसून गर्दी तरी कायमची हटते का? अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1962 मध्येच लिहून ठेवलं की शहरातला वेगवान रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरतोच, कारण जे आधी दुसऱ्या वाटेनं, दुसऱ्या वेळी किंवा लोकलनं जात होते ते नव्या रस्त्यावर येतात. 2011 मध्ये ड्युरांटन आणि टर्नर यांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तर रस्ता जितके टक्के वाढला जवळपास तितकेच टक्के वाहनांचा प्रवास वाढलेला आढळला. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत काही ठिकाणी 26 मार्गिकांपर्यंत रुंद केला. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. उलट सोल शहरानं मध्यवस्तीतला उन्नत महामार्गच पाडून 2005 मध्ये त्याखालचा ओढा मोकळा केला आणि शहर काही ठप्प झालं नाही.

सायन-पनवेलचा अनुभव याहून वेगळा नाही. चार मार्गिकांच्या सहा, सहाच्या दहा, खाडीवर बारा. प्रत्येक वेळी थोडी वर्षं मोकळी आणि मग पुन्हा तेच. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावा सेतू झाला, त्यानं काही भार उचलला. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तो नवा भार आणेल. मार्गिका वाढवू नयेत असं म्हणणारा मी नाही. पुण्याला जाताना मीही याच पुलावरून जातो आणि टोलनाक्यावर थांबावं लागलं नाही की मलाही बरं वाटतं. पण आपल्याला बरं वाटावं म्हणून जे बांधलं जातं, त्याची किंमत आपण कुणाच्या खात्यावर टाकतो, एवढं तरी माहीत असायला हवं.

त्यासाठी काही मोठी क्रांती लागत नाही. नवी मुंबईत विमानतळाकडे जाणारे रस्ते, खाडीकाठचे रस्ते, जोडपूल अशी कामं पुढची अनेक वर्षं चालतील. त्या प्रत्येकात चार गोष्टी करता येतील. पहिली, गाड्या मोजतात त्याच दिवशी आडवं जाणारी माणसंही मोजायची, स्टेशनाच्या आणि कारखान्यांच्या वेळा धरून, आणि तो आकडा आराखड्यात छापायचा. दुसरी, जमीन घेतली जात नसली तरी रस्त्यालगतच्या गावात आणि सोसायट्यांत सुनावणी घ्यायची, मराठीत आणि संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर. तिसरी, ओलांडण्याच्या वाटा मुख्य रस्त्याच्या आधी पूर्ण करायच्या. भुयार कोरडं, उजेडाचं आणि वापरात असल्याचं दिसल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल सोडायचं नाही. पंपाचं आणि विजेचं बिल कोण भरणार त्या कार्यालयाचं नाव करारातच लिहायचं. चौथी, पाण्यात खांब रोवायचे असतील तर त्या पाण्यावर जगणाऱ्यांची यादी आणि भरपाई काम सुरू होण्याआधी, न्यायालयानं सांगण्याची वाट न बघता.

यातल्या तिसऱ्या अटीला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि तिलाच सगळ्यात जास्त विरोध होईल, कारण तिच्यात उद्घाटनाची तारीख अडकते. 2024 च्या ऑक्टोबरसारखा मुहूर्त साधायचा असेल तर नेरूळच्या एखाद्या भुयारातलं पाणी आधी उपसावं लागेल. मंत्र्यांच्या गाडीला मोकळा रस्ता हवा असेल तर आधी पायी जाणाऱ्या मुलीला मोकळी वाट द्यावी लागेल. रुंदीकरण पूर्ण झालं की नाही, याची पावती त्या मुलीकडून घ्यावी. मार्गिका मोजून ती मिळत नाही.